कुणा एकाच्या हाती नसलेली किल्ली
गणितज्ञ लाग्रांज : जीवन, क्रांतीचा काळ आणि एका सूत्राचा दोनशे वर्षांचा प्रवास

- प्रतिनिधी

२ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘आदित्य-एल १’ हे यान सूर्याच्या निरीक्षणासाठी झेपावले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरील नियोजित कक्षेत स्थिरावले. त्या यानाच्या नावातील ‘एल’ हे जोसेफ-लुई लाग्रांज या गणितज्ञाच्या आडनावाचे आद्याक्षर. दोन मोठ्या गोलांच्या आकर्षणात एखादी लहान वस्तू ज्या पाच जागी त्यांच्याशी मेळ राखून फिरू शकते, त्या जागा लाग्रांज यांच्या १७७२ सालच्या निबंधामुळे त्यांच्या नावाने ओळखल्या जातात.

आकाशातल्या या कीर्तीमुळे त्यांच्या दुसऱ्या एका वारशाकडे मात्र दुर्लक्ष झाले आहे. संगणकाच्या युगात स्वाक्षरी म्हणजे एक प्रचंड मोठी गुप्त संख्या. ती संख्या हीच किल्ली. ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती तिजोरी. ही किल्ली कोणाही एका माणसाकडे वा एका संगणकात न ठेवता अनेकांनी मिळून अशा रीतीने घडवायची, की ती पूर्ण रूपात कधीच, कुठेच अस्तित्वात येऊ नये, अशी पद्धत आज वापरात आली आहे. ‘डिस्ट्रिब्युटेड की जनरेशन’ असे तिचे नाव. अनेक पक्षांनी आपापली माहिती झाकून ठेवत एकत्र हिशेब करण्याच्या, म्हणजे ‘मल्टी-पार्टी कॉम्प्युटेशन’च्या शास्त्राची ती एक शाखा. या पद्धतीच्या मुळाशी असलेली दोन-तीन गणिती सत्ये लाग्रांज यांच्या नावाशी जोडलेली आहेत. हे सारे घडवणाऱ्या माणसाचे आयुष्यही मोठे विलक्षण होते.

खजिनदाराचा मुलगा

२५ जानेवारी १७३६ रोजी इटलीतील तुरिन येथे लाग्रांज यांचा जन्म झाला. तुरिन ही तेव्हा सार्डिनियाच्या राज्याची राजधानी होती. जन्मनाव होते ज्युसेप्पे लोदोविको लाग्रांजिया; घराण्याचे मूळ मात्र फ्रेंच. पणजोबा फ्रेंच घोडदळात कप्तान होते. वडील तुरिनच्या सार्वजनिक बांधकामे व तटबंदी खात्याचे खजिनदार. अकरा भावंडांत जोसेफ सर्वांत थोरले. त्या अकरांपैकी वयात येईपर्यंत जगली ती केवळ दोन.

खजिनदाराच्या घरात सुबत्ता असायला हवी होती. पण वडिलांनी सट्ट्याच्या व्यवहारांत घरची बहुतेक संपत्ती घालवली. एकाच माणसाच्या हाती सारा कारभार असला आणि त्याचा अंदाज चुकला, की काय होते, याचा धडा त्या घराने असा घेतला. लाग्रांज पुढे या आपत्तीकडे खेदाने पाहत नसत. आपण श्रीमंत असतो तर बहुधा गणिताच्या वाटेला गेलोच नसतो, असे ते सांगत.

वडिलांचा मनोदय मुलाला वकील करण्याचा होता. विद्यालयात त्यांचे मन आधी लॅटिनमध्ये रमले. ग्रीक भूमिती त्यांना रुक्ष वाटे. पुढे इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले यांचा, प्रकाशशास्त्रात बीजगणित कसे उपयोगी पडते हे दाखवणारा लेख त्यांच्या वाचनात आला आणि दिशा बदलली. पुढचे शिक्षण त्यांनी बहुतांशी स्वतःच स्वतःला दिले.

१२ ऑगस्ट १७५५ रोजी एकोणीस वर्षांच्या या तरुणाने बर्लिनला लिओनार्ड ऑयलर यांना पत्र धाडले. ऑयलर हे त्या काळचे युरोपातील सर्वश्रेष्ठ गणितज्ञ. ज्या प्रश्नांसाठी ऑयलर भूमितीचा आधार घेत होते, ते शुद्ध बीजगणिती रीतीने कसे सुटतात, हे त्या पत्रात मांडले होते. ऑयलर यांनी पुढच्याच महिन्यात कौतुकाचे उत्तर पाठवले, आणि त्याच सप्टेंबरात लाग्रांज तुरिनच्या शाही तोफखाना विद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांचे अनेक विद्यार्थी वयाने त्यांच्याहून मोठे होते.

बर्लिनची वीस वर्षे

१७६६ साली ऑयलर सेंट पीटर्सबर्गला परतले आणि प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या अकादमीतील गणित विभागाचे संचालकपद रिकामे झाले. फ्रेंच गणितज्ञ दालाँबेर यांच्या शिफारशीने त्या जागी लाग्रांज आले. तेथे त्यांनी वीस वर्षे काढली. स्वभाव भिडस्त, वादांपासून दूर राहणारा. दिनक्रम घड्याळासारखा नेमका. १७६७ साली नात्यातल्याच व्हित्तोरिया कोंती यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७८३ मध्ये दीर्घ आजारानंतर त्या वारल्या. या वीस वर्षांत पॅरिसच्या अकादमीची पारितोषिके त्यांनी पुन्हा पुन्हा मिळवली.

याच काळात एका जुन्या प्रश्नाने त्यांना नकळत आपल्या मातीशी जोडले. एका पूर्णांकाच्या वर्गातून दुसऱ्या पूर्णांकाच्या वर्गाची, स्वतः पूर्ण वर्ग नसलेली ठरावीक पट वजा केल्यास बाकी १ उरावी, अशा समीकरणांना नेहमीच उत्तर असते, हे त्यांनी १७६८ च्या सुमारास सिद्ध केले. ही पट ६१ असताना येणारे सर्वांत लहान उत्तर चक्रावून टाकणारे आहे : १,७६,६३,१९,०४९ आणि २२,६१,५३,९८०. हेच उत्तर भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात चक्रवाल पद्धतीने काढून ठेवले होते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखात या आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. कोलब्रुक यांनी त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला तो १८१७ मध्ये, लाग्रांज यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

किल्लीच्या कथेला लागणारी दोन सत्ये बर्लिनमध्येच आकाराला आली. पहिले बाक्यांच्या अंकगणिताचे. घड्याळात बारानंतर पुन्हा एक वाजतो, तसे एखाद्या मूळ संख्येने भागून केवळ बाकीचा हिशेब ठेवला, तर त्या छोट्या जगातही बहुपदी समीकरणाची उत्तरे त्याच्या घातापेक्षा अधिक असू शकत नाहीत, हे लाग्रांज यांनी दाखवले. म्हणजे नेहमीच्या कागदावर दोन बिंदूंतून जशी एकच सरळ रेषा जाते, तशी ती बाक्यांच्या जगातही एकच जाते. दुसरे सत्य समीकरणांच्या उत्तरांची अदलाबदल कशी होते, या १७७०-७१ मधील विचारातून निघाले. लहान गट मोठ्या गटात बसत असेल, तर लहान गटातील घटकांची संख्या मोठ्या गटातील संख्येला निःशेष भागते, असे आजच्या भाषेत त्याचे रूप आहे. ‘गट’ ही संकल्पना तेव्हा जन्मलीही नव्हती. तरी त्या प्रमेयाला आज त्यांचेच नाव आहे.

क्रांतीच्या छायेत

१७८६ मध्ये फ्रेडरिकचा मृत्यू झाला आणि बर्लिनमध्ये त्यांचे मन रमेना. १७८७ साली ते पॅरिसला आले. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘मेकानिक आनालितिक’ हा महाग्रंथ प्रसिद्ध झाला. यंत्रशास्त्रावरील या ग्रंथात एकही आकृती नाही, आणि ही गोष्ट त्यांनी प्रस्तावनेतच अभिमानाने नोंदवली आहे. मात्र त्या सुमारास त्यांना खोल उदासीनतेने घेरले होते. छापून आलेला स्वतःचा ग्रंथ दोन वर्षे त्यांनी उघडूनही पाहिला नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

त्या उदासीनतेतून त्यांना बाहेर काढले ते फ्रेंच राज्यक्रांतीने. गावोगावची वेगळी मापे मोडून देशभर एकच माप आणण्यासाठी १७९० मध्ये जी समिती नेमली गेली, तिचे ते सदस्य झाले. दशमान पद्धतीचा त्यांनी ठामपणे पुरस्कार केला. १७९२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ लमोनिये यांची कन्या आदेलाईद हिच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. वयाचे मोठे अंतर असूनही तो सुखाचा ठरला.

सप्टेंबर १७९३ मध्ये शत्रुराष्ट्रांत जन्मलेल्या परकीयांना अटक करण्याचा कायदा झाला. तुरिनमध्ये जन्मलेले लाग्रांज त्याच्या कक्षेत येत होते. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी रदबदली केली आणि त्यांना सूट मिळाली. त्यानंतर आठच महिन्यांनी, ८ मे १७९४ रोजी, त्याच लाव्हाझिए यांना क्रांतिन्यायालयाने दोषी ठरवून त्याच दिवशी गिलोटिनखाली धाडले. ज्याने वाचवले त्याला वाचवणे लाग्रांज यांच्या हाती नव्हते. या घटनेने ते हादरून गेले. मापांच्या आयोगातून लाव्हाझिए, लाप्लास, कुलाँब, बोर्दा आदींना काढून टाकण्यात आले. लाग्रांज मात्र राहिले.

१७९९ मध्ये या खटाटोपाचे फळ म्हणून प्लॅटिनमचा मीटर आणि किलोग्रॅम फ्रान्सच्या अभिलेखागारात जमा झाला. त्याच परंपरेतील आंतरराष्ट्रीय किलोग्रॅम पुढे पॅरिसजवळ सेव्र येथे ठेवण्यात आला. मे २०१९ पर्यंत जगाचे वजन त्यावरच ठरत होते. त्याच्या तळघराला तीन किल्ल्या लागतात आणि त्या तीन वेगवेगळ्या व्यक्तींकडे असतात : आंतरराष्ट्रीय वजनमाप समितीचे अध्यक्ष, तेथील संस्थेचे संचालक आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रमुख. आपल्याकडे बँकेच्या लॉकरला ग्राहकाची एक आणि बँकेची एक अशा दोन किल्ल्या लागतात, त्यातला हाच शहाणपणा. मात्र या व्यवस्थेत दोन उणिवा आहेत. एक किल्ली हरवली की दार अडले. आणि ज्या कारागिराने किल्ल्या घडवल्या, त्याला त्या सगळ्याच ठाऊक असतात. या दोन्ही उणिवांवरचे उत्तर लाग्रांज यांच्या सूत्रात दडलेले होते.

१७९५ चे व्याख्यान

क्रांतीने जुन्या संस्था मोडल्या आणि नव्या उभारल्या. १७९४ मध्ये स्थापन झालेल्या एकोल पोलितेक्निकमध्ये लाग्रांज विश्लेषणाचे प्राध्यापक झाले; आणि १७९५ च्या आरंभी देशभरातील भावी शिक्षकांसाठी एकोल नॉर्मालमध्ये त्यांनी प्राथमिक गणितावर व्याख्याने दिली. त्यांपैकी पाचव्या व्याख्यानात ते सूत्र आहे. काही ठिकाणच्या किमती माहीत असतील, तर त्या सर्वांतून जाणारा सर्वांत साधा वक्र कोणता आणि अन्य ठिकाणी त्याची किंमत किती, हे त्यातून निघते. इंग्लंडमध्ये एडवर्ड वेअरिंग यांनी १७७९ मध्येच ते छापले होते. पण प्रचलित झाले ते लाग्रांज यांच्या नावाने. सारण्यांमधल्या दोन नोंदींच्या मधली किंमत काढणे, एवढाच त्याचा तेव्हाचा उपयोग.

हे सूत्र किल्लीच्या कामी कसे येते, ते लहान संख्यांत पाहू. गुप्त संख्या ७ आहे. आपण ‘क्रमांकाची तिप्पट अधिक ७’ असा नियम मनात धरतो आणि पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या भागीदाराला अनुक्रमे १०, १३ आणि १६ हे वाटे देतो. पहिला व दुसरा एकत्र आले, तर सूत्र सांगते : पहिल्याची दुप्पट करा, दुसरा वजा करा. २० वजा १३ म्हणजे ७. पहिला व तिसरा आले, तर पहिल्याची दीडपट वजा तिसऱ्याचा निम्मा. १५ वजा ८, पुन्हा ७. दुप्पट, दीडपट हे गुणक केवळ कोणते भागीदार आले यावर ठरतात. त्यांच्या वाट्यात काय आहे, यावर नाही. एक वाटा हरवला तरी काम अडत नाही. प्रत्यक्षात हा हिशेब सुमारे ७७ अंकी मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांत करतात. त्या जगात एकट्या वाट्यावरून गुप्त संख्येविषयी काहीही कळत नाही, आणि बर्लिनमधल्या त्या प्रमेयामुळे पुरेसे वाटे जमले की उत्तर मात्र एकच येते.

ही कल्पना १९७९ मध्ये इस्रायली संगणकशास्त्रज्ञ आदी शमीर यांनी मांडली. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज ब्लॅकली यांनी भूमितीच्या वाटेने स्वतंत्रपणे तिथवर मजल मारली. पण शमीर यांच्या रीतीत वाटे करणारा एक ‘कारागीर’ उरतोच आणि त्याला गुपित ठाऊक असते.

कारागिराविना घडण

यावरचा उपाय साधा वाटतो, पण तो सुचायला काळ गेला. प्रत्येकानेच कारागीर व्हायचे. तीन भागीदार मनात अनुक्रमे ४, ५ आणि ३ या संख्या धरतात. पहिला आपल्या संख्येचे ६, ८, १० असे वाटे करतो. दुसरा ६, ७, ८. तिसरा ७, ११, १५. प्रत्येक जण आपल्याकडे आलेल्या तीन वाट्यांची बेरीज करतो : पहिल्याकडे १९, दुसऱ्याकडे २६, तिसऱ्याकडे ३३. आता १९ ची दुप्पट वजा २६ म्हणजे १२. आणि ४, ५, ३ यांची बेरीजही १२. किल्ली आहे १२; पण ती कुणी निवडली नाही, कुणी पाहिली नाही, कुठे लिहिली गेली नाही. डेन्मार्कच्या टॉर्बेन पेडरसन यांनी १९९१ मध्ये या रीतीला शास्त्रशुद्ध रूप दिले.

सगळे प्रामाणिक असतील तर एवढे पुरे. लबाडी गृहीत धरली की नियम घालावे लागतात, आणि गेल्या तीन-चार दशकांत ते अनुभवातून घडत गेले आहेत.

पहिला नियम, वाटा तपासून घेण्याचा. प्रत्येक जण आपल्या गुप्त संख्यांचे ठसे सर्वांसमोर जाहीर करतो. संख्येवरून ठसा काढणे सोपे, ठशावरून संख्या काढणे व्यवहारात अशक्य. आलेला वाटा त्या ठशांशी जुळतो का, हे घेणाऱ्याला पडताळता येते. पॉल फेल्डमन यांची ही युक्ती १९८७ ची. न जुळल्यास तक्रार उघडपणे नोंदवायची, आणि तो फलक सर्वांना अगदी सारखाच दिसला पाहिजे. एकाला एक व दुसऱ्याला वेगळे सांगण्याची सोय राहिली, की पडताळणीला अर्थ उरत नाही. ज्या ठशांतून पडताळणी होते, त्यांच्याच मिलाफातून सार्वजनिक किल्ली तयार होते आणि ती जगाला देता येते.

दुसरा नियम, आधी लखोटा, मग उघडणी. इतरांचे ठसे पाहून शेवटी बोलणारा आपली संख्या सोयीने निवडू शकतो. म्हणून सर्वांनी आधी आपला ठसा बंद लखोट्यात ठेवल्यासारखा बांधून द्यायचा आणि सर्वांचे लखोटे आल्यावरच उघडायचा. आपण जाहीर केलेल्या ठशामागची संख्या आपल्याला खरोखर ठाऊक आहे, हेही प्रत्येकाने सिद्ध करायचे. अन्यथा इतरांचे ठसे वजा करून सारी किल्ली स्वतःच्या कह्यात आणता येते. जेनारो, यारेकी, क्रावचिक आणि राबिन या चौघांनी १९९९ मध्ये आणखी बारीक छिद्र दाखवले. ऐन वेळी आपल्याच साथीदाराविरुद्ध तक्रार करून त्याला बाद करवले, तरी किल्ली हवी तशी थोडी झुकवता येते. म्हणून कोण आत आणि कोण बाहेर, हे ठसे उघडण्याआधी कायम झाले पाहिजे.

तिसरा नियम, क्षुल्लक वाटणाऱ्या तपासण्या न गाळण्याचा. किल्ली स्वतः शून्याच्या जागी असते. म्हणून कुणाही भागीदाराचा क्रमांक शून्य, किंवा भागून बाकी शून्य उरेल असा नसावा, आणि दोघांचे क्रमांक सारखे नसावेत. ही तपासणी नसलेली सॉफ्टवेअर २०२१ मध्ये उघडकीस आली. २०२४ मध्ये दुसरी उणीव पुढे आली : एखाद्याने ठरल्यापेक्षा जास्त ठसे पाठवले, तर वक्र अधिक वाकडा होतो आणि तिघांनी उघडायची तिजोरी चौघांविना उघडेनाशी होते. ठसे मोजून घ्यायचे, एवढाच त्यावरचा उपाय. आलेला ठसा ठरलेल्या गटातलाच आहे का, हेही पाहावे लागते, कारण तो लहान उपगटातला निघाला तर गुपिताचा तुकडा फुटू शकतो. गटाची घटकसंख्या मूळ संख्या घेतली, तर त्यात असा उपगट बसूच शकत नाही. हे पुन्हा लाग्रांज यांचेच प्रमेय.

चौथा नियम, वाटे खरोखर वेगळे ठेवण्याचा. पाचांपैकी तिघे, अशी अट घातली आणि पाचही संगणक एकाच खोलीत, एकाच व्यवस्थापकाच्या पासवर्डखाली ठेवले, तर ती किल्ली एकच असते. वाटणी केवळ कागदावर राहते. माणसे वेगळी, शहरे वेगळी, यंत्रे वेगळी आणि शक्य तर सॉफ्टवेअर पुरवणारेही वेगळे असावेत. किती जण फितूर होऊ शकतात आणि किती जण आजारी पडू शकतात, या दोन्हींचा विचार करून किमान संख्या ठरवावी. वाटे पाठवताना समोरचा तोच आहे याची खात्री करून, प्रत्येकाचा वाटा स्वतंत्रपणे कुलूपबंद करून धाडावा.

पाचवा नियम, वाटे ताजे करण्याचा. चोराने यंदा एक आणि पुढल्या वर्षी दुसरा वाटा पळवला, तर काय? १९९५ मध्ये सुचवलेल्या रीतीने सर्व भागीदार शून्य या संख्येचे नवे वाटे करून एकमेकांना देतात आणि ते जुन्या वाट्यांत मिळवतात. किल्ली तीच राहते, वाटे मात्र बदलतात आणि जुना चोरलेला वाटा निरुपयोगी ठरतो. मात्र प्रत्येकाने जुना वाटा खरोखर नष्ट केला पाहिजे.

आणि सर्वांत मोठा नियम : वापरतानाही किल्ली जुळवायची नाही. स्वाक्षरीसाठी सर्व वाटे एका संगणकात आणले, तर आधीची सारी मेहनत वाया. प्रत्येकाने आपल्या वाट्यानेच अर्धीमुर्धी स्वाक्षरी करायची आणि लाग्रांज यांच्या गुणकांनी त्या स्वाक्षऱ्या जोडायच्या. ‘फ्रॉस्ट’ नावाची अशी रीत २०२० मध्ये मांडली गेली आणि २०२४ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत समाविष्ट झाली.

हे सारे केवळ पुस्तकी नाही. एकाच ठिकाणी विश्वास साठवण्याची किंमत २०११ मध्ये दिसली. संकेतस्थळांना ओळखपत्रे देणाऱ्या ‘डिजिनोटार’ या डच कंपनीच्या यंत्रणेत घुसखोर शिरला, पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे निघाली आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. उलट जानेवारी २००८ मध्ये डेन्मार्कच्या बीट उत्पादक शेतकऱ्यांनी वाटणीचा लाभ अनुभवला. सुमारे १२०० शेतकऱ्यांच्या बोली वाट्यांत विभागून साखर कंपनी, शेतकरी संघटना आणि संशोधक अशा तिघांकडे गेल्या. कुणाची बोली किती, हे तिघांपैकी कुणालाही कळले नाही. बाजारभाव मात्र सर्वांना कळला. त्या हिशेबाच्या गाभ्यातही हीच वाटणी होती.

अखेरची वर्षे

लाग्रांज यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. पोलितेक्निकमध्ये त्यांच्याकडे ‘ल ब्लाँ’ या नावाने एक असाधारण निबंध आला. त्या पुरुषी नावामागे सोफी जेरमाँ ही तरुणी आहे, कारण स्त्रियांना तेथे प्रवेशच नाही, हे कळल्यावर त्यांनी तिची भेट घेऊन तिला उत्तेजन दिले. नेपोलियनने त्यांना सिनेटवर घेतले आणि १८०८ मध्ये सरदारकी बहाल केली. वयाच्या सत्तरीनंतरही ते आपल्या महाग्रंथाची नवी आवृत्ती सिद्ध करण्यात गढलेले होते. १० एप्रिल १८१३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. पँथिऑनमध्ये त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे नाव आहे.

राजा, क्रांती आणि सम्राट अशा तिन्ही राजवटी त्यांनी पाहिल्या. प्रत्येक वेळी सारी सत्ता एका मुठीत गेली की काय होते, हेही पाहिले. त्यांनी त्यावर राजकीय भाष्य केले नाही. तो त्यांचा पिंडच नव्हता. पण १७९५ च्या थंडीत भावी शिक्षकांपुढे त्यांनी फळ्यावर मांडलेले सूत्र आज तिजोरीची मूठ अनेकांच्या हाती विभागून देते आहे. सूत्र आपले काम चोख करते. मात्र किल्ली कुणी घडवली, किती जणांत वाटली, प्रत्येकाने आपला वाटा तपासला का, जुने वाटे खरोखर नष्ट झाले का, हे प्रश्न सूत्र विचारत नाही. ते आपले पैसे आणि आपली ओळख ज्यांच्या स्वाधीन आहे, त्यांना आपणच विचारायचे आहेत.